अडुळसा आणि धूरजन्य फुफ्फुसविकार

अडुळसा (शास्त्रीय नाव: जस्टिशिया अधाटोडा, संस्कृत: वासा, वासक) ही अकँथेसी कुळातील सदाहरित झुडूपवर्गीय औषधी वनस्पती आहे. खोकला, दमा आणि कफविकारांवरील औषध म्हणून ती भारतात प्राचीन काळापासून वापरात आहे. चुलीचा, विडी-सिगारेटचा आणि डासांच्या अगरबत्तीचा धूर दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्यास श्वसनमार्गाचा दाह, जुनाट खोकला, कफ आणि दम लागणे हे विकार उद्भवतात. अडुळशाचा पारंपरिक उपयोग नेमक्या याच लक्षणांवर होत असल्याने धुरामुळे होणाऱ्या इजेपासून ही वनस्पती फुफ्फुसांचे कितपत रक्षण करते, हा वैद्यकीय कुतूहलाचा आणि संशोधनाचा विषय ठरला आहे.

उपलब्ध पुराव्यानुसार अडुळशातील अल्कलॉइडे कफ पातळ करतात व श्वासनलिका काही प्रमाणात सैल करतात. दाह कमी करण्याचा त्याच्या अर्काचा गुण प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आला आहे. धुराने एकदा नष्ट झालेली फुफ्फुसाची ऊती मात्र अडुळशाने पूर्ववत होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. फुफ्फुसांची कार्यक्षमता टिकवण्याचा मानवी अभ्यासांतून पुढे आलेला मार्ग धुराशी येणारा संपर्क कमी करणे हाच आहे. या दृष्टीने महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथील ग्रामविकासाचे कार्य उल्लेखनीय आहे.

वनस्पती परिचय

अडुळशाचे झुडूप साधारणतः १ ते २.५ मीटर उंच वाढते. पाने समोरासमोर, भाल्याच्या आकाराची, दोन्ही टोकांना निमुळती व १० ते २० सेंटीमीटर लांब असतात. ती चुरगळल्यास उग्र वास येतो आणि त्यांची चव अतिशय कडू असते. फुले पांढरी, दोन ओठांची व जांभळट रेषा असलेली असून दाट कणिशांत येतात. फळ मुद्गराकृती बोंड असून त्यात बहुधा चार बिया असतात. कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये या वनस्पतीला सध्याचे शास्त्रीय नाव दिले. जुन्या औषधिग्रंथांत ती अधाटोडा वासिका या नावानेही आढळते.

गुरे व शेळ्या अडुळशाचा पाला सहसा खात नाहीत. त्यामुळे दख्खनच्या पठारावरील गावांत शेताच्या बांधावर व परसाच्या कडेला कुंपण म्हणून तो लावण्याची पद्धत आहे. कमी पाण्यावर तगणारे हे झुडूप पावसाळ्याच्या प्रारंभी खोडाचे छाट लावून सहज वाढवता येते. पानांना बुरशी व कीड लवकर लागत नसल्याने फळे पिकवताना व साठवताना ती आच्छादनासाठी वापरतात. हिरवळीचे खत म्हणूनही पाल्याचा उपयोग होतो.

बाजारात अडुळशाच्या नावाखाली कधीकधी महारुखाचा पाला मिसळलेला आढळतो. गुजरातीत अडुळशाला अरडूसी व महारुखाला अरडूसो म्हणतात. या नामसाधर्म्यामुळेही गोंधळ होतो. महारुख हा वेगळ्या कुळातील मोठा वृक्ष असून त्याची पाने संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका असलेली असतात. अडुळशाचे पान साधे असते. या फरकावरून दोन्ही वनस्पती ओळखता येतात.

आयुर्वेदातील स्थान

आयुर्वेदात वासा तिक्त व कषाय रसाची, शीतवीर्य आणि कफपित्तशामक मानली आहे. कास (खोकला), श्वास (दमा), क्षय आणि रक्तपित्त, म्हणजे नाक-तोंडावाटे रक्त पडणे, या विकारांत तिचा विशेष उपयोग सांगितला आहे. वासावलेह, वासाघृत व वासारिष्ट हे प्रसिद्ध कल्प आहेत. ताज्या पानांचा रस सहजासहजी निघत नाही. त्यामुळे पाने वाफवून किंवा पुटपाक पद्धतीने, म्हणजे पानांचा गोळा लेपात गुंडाळून भाजून, स्वरस काढतात. तो मधाबरोबर देण्याची प्रथा आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेत वासापत्राचा समावेश आहे.

धुरामुळे होणाऱ्या इजेची नोंदही प्राचीन ग्रंथांत सापडते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माच्या अध्यायात भाजलेल्या रुग्णांच्या वर्णनानंतर ‘धूमोपहत’, म्हणजे धुराने गुदमरलेल्या रुग्णाचे वर्णन येते. श्वास लागणे, शिंका, खोकला, डोळ्यांची आग व लाली, श्वासाला धुराचा वास येणे अशी लक्षणे तेथे दिली आहेत. तूप, उसाचा रस, द्राक्षे, दूध, साखरेचे पाणी यांच्या योगाने वमन करवण्याचा उपचार सांगितला आहे. हे वर्णन आगीच्या धुराने अकस्मात झालेल्या बाधेचे आहे. चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे होणारी हानी हा त्याहून निराळा विकार आहे.

लोकवैद्यकात अडुळशाची वाळलेली पाने विडीप्रमाणे वळून दम्याच्या रुग्णाला ओढायला देण्याची पद्धत होती. कोणत्याही पानाच्या ज्वलनातून सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होत असल्याने हा उपयोग आज हानिकारक समजला जातो.

धुरामुळे फुफ्फुसांची होणारी हानी

लाकूड, गोवऱ्या व पिकांचे अवशेष यांच्या अपूर्ण ज्वलनातून २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण, कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन, बेंझीन व बहुचक्रीय हायड्रोकार्बने बाहेर पडतात. तंबाखूच्या धुरातही यांतील बहुतेक घटक असून शिवाय निकोटीन असते. हे सूक्ष्म कण नाक व घसा ओलांडून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

निरोगी श्वसनमार्गाच्या आतील पेशींवर पक्ष्माभिका नावाचे अतिसूक्ष्म केसासारखे तंतू असतात. ते एका लयीत हलून कफासह धूळ घशाकडे ढकलतात. धुरामुळे पक्ष्माभिकांची हालचाल मंदावते, तर श्लेष्मल ग्रंथी अधिक कफ निर्माण करू लागतात. कफ वाढतो पण बाहेर पडत नाही. त्यामुळे सकाळचा खोकला व वारंवार जंतुसंसर्ग सुरू होतो. त्याच वेळी दाहपेशी गोळा होऊन इलास्टेजसारखी विकरे सोडतात. या विकरांनी वायुकोशांच्या लवचीक भिंती विरतात व लहान कोशांऐवजी मोठ्या, निकामी पोकळ्या उरतात. या अवस्थेला वातस्फीती म्हणतात. बारीक श्वासनलिका अरुंद होणे व वातस्फीती मिळून दीर्घकालीन श्वसनमार्गरोधक रोग (सीओपीडी) बनतो. त्याचे निदान स्पायरोमेट्री या फुंकर-चाचणीने होते. श्वासनलिका सैल करणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेल्या हवेचे एकूण हवेशी प्रमाण ०.७० पेक्षा कमी भरल्यास श्वसनमार्गात कायमचा अडथळा असल्याचे समजतात.

हा रोग केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात याकडे लक्ष वेधले. जगात धूम्रपान करणारे सुमारे १ अब्ज, तर लाकूड-गोवऱ्यांच्या धुराच्या संपर्कात येणारे सुमारे ३ अब्ज लोक असल्याचे त्यात नमूद होते. भारतातील स्वयंपाकघरांत धुराचे मोजमाप करण्याचे आरंभीचे काम कर्क स्मिथ व सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत केले. ते १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरगुती वायुप्रदूषणामुळे जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. डासांची एक अगरबत्ती जळून जितके सूक्ष्म कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

रासायनिक घटक व कार्य

अडुळशाच्या पानांतील प्रमुख घटक क्विनाझोलिन गटातील अल्कलॉइडे आहेत. त्यांपैकी वासिसीन १८८८ मध्ये हूपर यांनी वेगळे केले. वासिसीनचे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन वासिसिनोन बनते. त्याचा श्वासनलिका सैल करणारा गुण अमीन व मेहता यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात नोंदवला.

वासिसीनच्या रेणूचा आधार घेऊन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रोमहेक्सिन हे संश्लेषित औषध तयार झाले. शरीरात ब्रोमहेक्सिनपासून निर्माण होणारे अँब्रोक्सॉल पुढे स्वतंत्र औषध म्हणून वापरात आले. ब्रोमहेक्सिन कफातील चिकट तंतू तोडते. अँब्रोक्सॉल वायुकोशांना मिटू न देणाऱ्या पृष्ठक्रियाकारक द्रवाचे स्रवण वाढवते. आज औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या कफ पातळ करणाऱ्या अनेक पातळ औषधांत यांपैकी एखादा घटक असतो. अडुळशाचा आधुनिक वैद्यकाला मिळालेला हा सर्वांत ठोस वारसा होय.

संशोधन

प्राण्यांवरील अभ्यास

पिंपरी (पुणे) येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या संशोधन विभागातून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अडुळशाच्या अर्काचा खोकल्यावरील परिणाम प्राण्यांत तपासला गेला. श्वसनमार्गाला क्षोभ आणणाऱ्या रासायनिक फवाऱ्यामुळे उद्भवलेल्या खोकल्यावर तोंडावाटे दिलेल्या अर्काचा परिणाम कोडीनच्या जवळपास आढळला. यांत्रिक व विद्युत उत्तेजनाने आणलेल्या खोकल्यावर शिरेवाटे दिलेला अर्क मात्र कोडीनपेक्षा पुष्कळच सौम्य ठरला. धुराप्रमाणेच श्वासावाटे आत जाणाऱ्या क्षोभकाचा पहिल्या प्रयोगात वापर असल्याने तो या विषयाच्या निकटचा आहे. त्यात मोजला गेला तो खोकला. फुफ्फुसाच्या ऊतीची झीज हा त्याचा विषय नव्हता.

दिल्लीच्या जनुकशास्त्र व एकात्म जीवशास्त्र संस्थेतील (आयजीआयबी) गटाने २०२१ मध्ये तीव्र दम्याच्या उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्यावर वाढणाऱ्या ‘एचआयएफ-१ अल्फा’ या प्रथिनाची पातळी अडुळशाच्या अर्काने घटली. पेशींतील तंतुकणिकांचे बिघडलेले कार्यही सुधारले. ऑक्सिजनची कमतरता, दाह व ऑक्सिडीकरणाचा ताण या प्रक्रिया धूरजन्य विकारांतही आढळतात. म्हणून या निष्कर्षांकडे पुढील संशोधनाची दिशा म्हणून पाहिले जाते.

मानवी अभ्यास

अडुळसा, एकिनेशिया व एल्युथेरोकॉकस या तीन वनस्पतींच्या मिश्रणाची श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील तीव्र संसर्गाच्या रुग्णांत यादृच्छिक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मिश्रणाची तुलना ब्रोमहेक्सिन व औषधविरहित द्रव यांच्याशी केली होती आणि मिश्रणाने खोकला कमी झाल्याचे आढळले. ही चाचणी अल्पकालीन संसर्गावरील होती. शिवाय मिश्रणातील तिन्ही वनस्पतींचा परिणाम एकत्रित असल्याने त्याचे श्रेय एकट्या अडुळशाला देता येत नाही.

प्रयोगशाळा व रुग्ण यांतील अंतर

प्रयोगशाळेत आशादायक ठरलेला वनस्पतिज घटक रुग्णांत निष्प्रभ ठरल्याची उदाहरणे या क्षेत्रात आहेत. ब्रोकोलीतील सल्फोराफेन हे संयुग पेशींची ऑक्सिडीकरणविरोधी यंत्रणा जागी करते, असे प्रयोगशाळेत दिसले होते. अमेरिकेत सीओपीडीच्या ८९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१६) मात्र फुफ्फुसातील त्या यंत्रणेवर त्याचा परिणाम आढळला नाही. उंदरात दिसलेला लाभ माणसात गृहीत धरता येत नाही, हा यातून मिळणारा धडा अडुळशालाही लागू होतो.

याउलट धुराचा संपर्क थांबवण्याचा लाभ माणसांत प्रत्यक्ष मोजला गेला आहे. अमेरिका व कॅनडातील ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांवरील ‘लंग हेल्थ स्टडी’ (१९९४) या अभ्यासात धूम्रपान सोडलेल्यांच्या फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेतील घट मंदावल्याचे दिसले. दक्षिण चीनमधील ९९६ ग्रामस्थांचा ९ वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात (२०१४) लाकडाऐवजी बायोगॅस वापरणाऱ्या व स्वयंपाकघरातील वायुवीजन सुधारलेल्या कुटुंबांत कार्यक्षमतेतील घट कमी आढळली.

पारनेर तालुक्यातील संदर्भ

पारनेर हा अहिल्यानगर जिल्ह्यातील पर्जन्यछायेतील, अवर्षणप्रवण तालुका आहे. जिरायत शेतीच्या या भागात बाजरी व ज्वारीची भाकरी हे मुख्य अन्न आहे. चुलीवर भाकरी थापून भाजताना स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला तव्याजवळून हलता येत नाही. सरपण ओले असल्यास फुंकणीने वारंवार जाळ करावा लागतो. त्या वेळी तोंड थेट चुलीसमोर असते. लाकूड दुर्मिळ असल्यास तुराट्या, पऱ्हाट्या, धसकटे व गोवऱ्या जाळल्या जातात. हे इंधन भराभर जळते, त्याला सतत सारावे लागते आणि धूरही अधिक होतो. पाणी, वृक्षतोड व सरपण या प्रश्नांचा फुफ्फुसांच्या आरोग्याशी असा थेट संबंध येतो.

तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावात अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली १९७५ नंतर पाणलोट विकासाचे काम उभे राहिले. श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व कुटुंबनियोजन ही तत्त्वे गावाने स्वीकारली. राज्य शासनाच्या १९९२ च्या आदर्शगाव योजनेला याच कामातून प्रेरणा मिळाली. त्यातील दोन गोष्टी धुराच्या प्रश्नाशी निगडित आहेत.

पहिली गोष्ट तंबाखूची. गावातील तरुणांनी दुकानांतील तंबाखू, विडी व सिगारेटी गोळा करून त्यांची होळी केली. त्यानंतर गावात त्यांची विक्री बंद झाली. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास देशभर बंदी करणारे नियम २ ऑक्टोबर २००८ रोजी अमलात आले. गावाचा निर्णय त्याच्या पुष्कळ आधीचा आहे. दुसरी गोष्ट इंधनाची. कुऱ्हाडबंदीमुळे सरपणासाठी झाडे तोडण्यावर मर्यादा आली आणि गावात गोबरगॅस संयंत्रे बांधण्यात आली. शेण गोवऱ्यांच्या रूपाने जाळण्याऐवजी संयंत्रात घातल्यास जवळजवळ निर्धूर ज्योत मिळते व उरलेली मळी शेताला खत म्हणून उपयोगी पडते. हे उपाय मुख्यतः व्यसनमुक्ती, वनसंवर्धन व ऊर्जा यांसाठी योजले होते. फुफ्फुसांचे रक्षण हा त्यांचा आनुषंगिक लाभ होय.

धूर कमी करण्याचे इतर प्रयत्न

केंद्र सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत चालला. महाराष्ट्रात आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट (आरती) या संस्थेने सुधारित चुली, शेतातील पाचटापासून कोळसा आणि घरगुती बायोगॅस यांवर काम केले. तिला २००२ व २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाले. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली व गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडणी देण्यात येऊ लागली. जोडणी असूनही सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च न झेपल्यास कुटुंबे चूल व गॅस दोन्ही वापरतात. अशा मिश्र वापराने धुराचा संपर्क पुरता टळत नाही.

धुराडे, छताजवळचा झरोका, वाळलेले सरपण, पाणी तापवण्याची चूल घराबाहेर मांडणे आणि लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवणे हे कमी खर्चाचे उपाय आहेत.

सावधगिरी

गर्भावस्था : वासिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात या गुणाचा सविस्तर अभ्यास झाला व वासिसीन गर्भपातकारक ठरू शकते असे आढळले. त्यामुळे गर्भवती स्त्रियांनी अडुळशाचा रस, काढा किंवा त्याची पातळ औषधे घेऊ नयेत. चुलीच्या धुराचा त्रास सर्वाधिक होतो तो स्वयंपाक करणाऱ्या तरुण स्त्रियांना. अडुळसा घरगुती व निरुपद्रवी मानला जात असल्याने ही सूचना विशेष महत्त्वाची ठरते.

निदानास विलंब : अडुळशाने कफ सुटून तात्पुरता आराम पडल्यास मूळ रोगाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला हे क्षयरोगाच्या तपासणीचे कारण मानले जाते. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. थुंकीतून रक्त पडणे हे परंपरेने अडुळशाचे प्रमुख लक्षणस्थान असले, तरी क्षयरोग किंवा फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ते चिन्ह असू शकते. अशा वेळी आधी तपासणी आवश्यक असते.

तीव्र बाधा : आगीत किंवा बंद खोलीत धुराने गुदमरलेल्या व्यक्तीला मोकळ्या हवेत नेणे व ऑक्सिजन देणे हा तातडीचा उपचार आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक बळाने चिकटतो. अशा रुग्णाला अडुळशाचा काढा पाजण्यात वेळ घालवणे प्राणघातक ठरू शकते. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीला तोंडावाटे काहीही देऊ नये.

इतर : बाजारातील अनेक पातळ औषधांत व अवलेहांत साखरेचे प्रमाण मोठे असल्याने मधुमेही रुग्णांनी ती वैद्यकीय सल्ल्याने घ्यावीत. ब्रोमहेक्सिन व अँब्रोक्सॉलमुळे क्वचित तीव्र अधिहर्षता व त्वचेच्या प्रतिक्रिया होऊ शकतात. युरोपीय औषध नियामकांनी २०१५ मध्ये याबाबत इशारा दिला. सीओपीडीच्या रुग्णांनी श्वासावाटे घेण्याची औषधे बंद करून केवळ अडुळशावर अवलंबून राहू नये.

हे सुद्धा पहा

अडुळसा
दमा
दीर्घकालीन श्वसनमार्गरोधक रोग
क्षयरोग
बायोगॅस
राळेगणसिद्धी
पारनेर तालुका